कोकणात राजकीय शोधपत्रकारिता करायची असेल तर

राजकीय शोधपत्रकार होण्यासाठी नेत्यांमध्ये ऊठबस हवी, असे समजून पुष्कळ तरुण या व्यवसायात येतात. कोकणात हे काम करू इच्छिणाऱ्याने आधी सातबारा वाचायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे. कारण इथले राजकारण जमिनीभोवती फिरते आणि जमीन हलली की तिची नोंद कुठेतरी राहतेच.

राजापूर तालुक्यातील नाणार परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी औद्योगिक क्षेत्राची अधिसूचना 2017 मध्ये निघाली आणि 2019 मध्ये ती मागे घेण्यात आली. अशा कोणत्याही प्रकल्पात पहिला प्रश्न एकच असतो : अधिसूचनेच्या आधी तिथल्या जमिनी कोणी घेतल्या? सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावालगत फेरफार क्रमांक, म्हणजे हक्कातील बदलाच्या नोंदीचा क्रमांक असतो. तो धरून फेरफाराचा उतारा काढावा, मग दुय्यम निबंधकांकडील सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात, घेणार, देणार, मोबदला आणि बाजारभाव पाहावा. वहीच्या एकाच पानावर डावीकडे खरेदीच्या आणि उजवीकडे सरकारी निर्णयांच्या तारखा उतरवल्या, म्हणजे बातमी आहे की नाही हे त्या पानावरच दिसते. आपल्याकडचे सातबारे बहुधा सामाईक असतात आणि त्यांवरचे निम्मे खातेदार मुंबईत चाकरमानी असतात. सही कोणी, कशी घेतली हे त्यांना गणपतीत गावी आल्यावर, घरी बसून विचारावे.

उमेदवाराच्या शपथपत्रात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता असते. मेहुणा किंवा भागीदार तिथे सापडत नाही. त्यांची नावे जमिनीच्या कागदांतच शोधावी लागतात; पण नाव जुळले म्हणजे माणूस तोच असे नव्हे, म्हणून वडिलांचे नाव, वय आणि पत्ता ताडून पाहिल्याशिवाय एक ओळही लिहू नये.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, उत्तराची मुदत 30 दिवसांची असते आणि ते न आल्यास प्रथम अपील करता येते. केवळ प्रती मागण्यापेक्षा नस्ती, म्हणजे सरकारी फाइल, प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करावी, कारण आग्रह कोणी धरला आणि हरकत कोणी घेतली हे टिप्पणीच्या पानांवरच कळते. छापण्यापूर्वी संबंधित नेत्याला लेखी प्रश्न पाठवून उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यावा. बदनामीच्या खटल्यात तो कागद उपयोगी पडतो, पण मुळात तो त्या माणसाचा हक्कच आहे.

राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी फेब्रुवारी 2023 मध्ये ज्या दिवशी छापून आली, त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. बातमी ज्याच्याविषयी होती त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्राने 2017 मध्येच संमत केला होता. म्हणून नुसत्या कायद्यावर विसंबून न राहता कागदांची एक प्रत संपादकाकडे आधीच पोहोचवावी, कुठे आणि कोणाकडे जातो हे घरी सांगून निघावे आणि माहिती देणाऱ्याला तालुक्याच्या बाजारपेठेत कधीही भेटू नये; कोणाची गाडी कोणाच्या दारात थांबली, हे आपल्याकडे संध्याकाळच्या आत सगळ्या वाडीला कळलेले असते.