नदीत पाणी सोडताना या चुका टाळा

गंगापूर धरणातून पाणी सुटले की गोदावरी जगली, अशी समजूत नाशिकमध्ये खोलवर रुजली आहे. म्हणूनच पर्यावरणीय प्रवाहाच्या, म्हणजे नदीतली जीवसृष्टी जगावी म्हणून सोडायच्या पाण्याच्या, बैठकीत उतावीळ नवे कार्यकर्ते ‘किती पाणी?’ एवढेच विचारतात. ते केव्हा आणि किती वेगाने सोडायचे, हे विचारतच नाहीत.

विसर्ग एकदम बंद करणे ही मला सर्वांत घातक चूक वाटते. काही वर्षांपूर्वी चैत्रात आवर्तन संपले, संध्याकाळी दरवाजे मिटले आणि सकाळी आम्ही शहराच्या खालच्या अंगाला पोहोचलो, तेव्हा कातळातल्या खळग्यांत बोटबोट लांबीची मासळी तडफडत होती. डोहाकडे परतण्याची तिची वाट रातोरात तुटली होती. आम्ही दुपारपर्यंत बादल्यांनी मासे डोहात नेले, तरी तापलेल्या पाण्यातले बहुतेक वाचले नाहीत. पावसाळ्यात विसर्ग वाढवताना काठच्या माणसांसाठी टप्पे पाळतात. तसेच टप्पे प्रवाह कमी करताना माशांसाठी पाळले पाहिजेत. मी कातळावर चुन्याची रेघ ओढतो आणि पाणी दिवसाला वीतभरापेक्षा अधिक उतरू नये, असा आग्रह धरतो. शेवटचे १०० क्यूसेक (सेकंदाला १०० घनफूट) आणखी एक दिवस चालू ठेवायला ८.६४ दलघफू (दशलक्ष घनफूट) पाणी लागते, आणि गंगापूरच्या सुमारे ५,६०० दलघफू साठ्यापुढे ते फार नाही.

नदीच्या वार्षिक सरासरी प्रवाहाच्या दहा टक्के पाणी बारमाही सोडावे, हा तयार तोडगाही नको. हा तोडगा ज्यावरून उचलतात, ती अमेरिकी मत्स्यतज्ज्ञ टेनंट यांची १९७६ची टक्केवारी अमेरिकेतील नद्यांच्या निरीक्षणांवर आधारलेली आहे. आपल्या नदीचे बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत वाहून जाते. गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी २०१८मध्ये निघालेल्या अधिसूचनेत तरी ऋतूनुसार २०, २५ आणि ३० टक्के असे वेगवेगळे प्रमाण आहे. घाईने एकच आकडा उचलणाऱ्यांनी निदान एवढे पाहावे.

शहरात गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी आणि वाघाडी या उपनद्यांतून येणारे सांडपाणी पातळ करण्यासाठी सोडलेल्या पाण्याला पर्यावरणीय प्रवाह म्हणू नये.

पाणवेली पुढे ढकलण्यासाठी अचानक मोठा विसर्ग मागू नये. त्या खालच्या बंधाऱ्याला जाऊन अडकतात.

धरणाच्या दरवाजाशी मोजलेल्या आकड्यावर समाधान मानू नये. वाटेत उपसा होतो, बंधाऱ्यांच्या फळ्या पाणी अडवतात. म्हणून मी खालच्या अंगाच्या नांदूरमधमेश्वर बंधाऱ्याच्या वर, तिथल्या पाणथळीत शिरणाऱ्या प्रवाहाची नोंद दर आठवड्याला ठेवतो आणि बैठकीत तीच वही उघडतो.