सिमेंटच्या जागी भाजलेली माती: कोणती, किती आणि पाणी किती

वावरातली काळी माती भाजून स्लॅबच्या काँक्रीटमध्ये घालता येते का? नाही. ती मॉन्टमोरिलोनाइटची, पाण्यानं फुगणारी. इथं लागते केओलिनाइटची पांढरट माती, 700 ते 850 अंशांवर भाजून सिमेंटसारखी बारीक दळलेली. गावच्या विटभट्टीत आच सारखी लागत नाही: कच्ची राहिली तर ती मातीच, जास्त भाजली तर तिची सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी जुळायची ताकद जाते. विटांचा चुरा वापरू नये तोही याचसाठी. आयएस 16354 या भारतीय मानकाप्रमाणे तपासलेलं मेटाकाओलिन, म्हणजे हीच भाजलेल्या केओलिनाइटची भुकटी, चाचणी अहवालासकट घ्या.

सिमेंटचं पोतं आधी वाचा. पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं सिमेंट) असेल तर त्यात राख किंवा भाजलेली माती आधीच मिसळलेली असते, वरून काही घालू नका. ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट, हवं.

सुरुवात 10 टक्क्यांनी करा. घनमीटरला 340 किलो सिमेंटचं डिझाइन असेल तर 306 किलो ओपीसी आणि 34 किलो भुकटी. 50 किलोच्या एका पोत्यामागे साडेपाच किलो. घमेल्यानं मोजाल तर फसाल. भुकटी हलकी आहे, काट्यावरच तोला.

खरी गोची पाण्यात. बारीक भुकटी पाणी ओढते, माल चिकट दिसतो, आणि मिस्त्री पाइप सोडतो. ताकद तिथंच जाते. पाणी-सिमेंट प्रमाण 0.48 धरलं तर 55.5 किलोला (50 सिमेंट, 5.5 भुकटी) साडेसव्वीस लिटर, बस. 100 किलो ओल्या रेतीत 4 टक्के ओल असली तर सुमारे 4 लिटर त्यातूनच वजा करा. माल सैल करायला सुपरप्लास्टिसायझर आहे; डब्यावर लिहिलेल्या मात्रेत, शेवटच्या थोड्या पाण्यात कालवून टाका. त्याआधी गिट्टी, रेती, सिमेंट, भुकटी कोरडीच फिरवा. पाणी गेल्यावर मिक्सर निदान दोन मिनिटं चालू ठेवा. भुकटीच्या पांढऱ्या गाठी दिसल्या तर आणखी फिरवा.

या मालावर पाणी वर कमी येतं, म्हणून मे महिन्याच्या उन्हात वरचा थर तासाभरात तडकतो. पहाटे ओता, गिट्टीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारा, फिनिशिंग होताच प्लास्टिक अंथरा. माल धरल्यावर ओला बारदाना. तराई 14 दिवस. 7 दिवसांत बंद केली तर मातीचं काम अर्धवटच राहतं.

कॉलम-स्लॅबला हात लावण्याआधी इंजिनीअरकडून 150 मिमीचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, भरून घ्या. 7 दिवसांचा निकाल बघून 10 चे 15 टक्के करायची घाई नको. 28 व्या दिवशी क्यूब फोडून निकाल येईस्तोवर थांबा.