मापाचे कार्डिगन घरी विणताना

कार्डिगन ज्याच्यासाठी विणायचे, त्याची छाती, बाहीची लांबी आणि पाठीची उंची आधी टेपने मोजावी. त्यानंतर निवडलेल्या लोकरीचा सुमारे १५ सेंमीचा चौकोन विणून, तो धुऊन व सपाट वाळवून, मधल्या १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजावे. हा चौकोन टाळण्याचा मोह सर्वांनाच होतो. बेतलेले माप नंतर बिघडते ते बहुधा त्यामुळेच.

समजा, १० सेंमीत २२ टाके बसले आणि छाती ८६ सेंमी आहे. सैलपणासाठी ८ सेंमी मिळवल्यास घेर ९४ सेंमी होतो, म्हणजे पाठीसाठी ४७ सेंमी, अर्थात १०३ टाके. बटणपट्टी ३ सेंमीची असेल, तर पुढचा प्रत्येक भाग २२ सेंमीचा, म्हणजे ४८ टाक्यांचा धरावा, कारण दोन्ही पट्ट्या एकमेकींवर येतात. शिवणीसाठी प्रत्येक कडेला एक टाका जास्त घ्यावा.

दोन्ही बाह्या एकाच वेळी, दोन गुंड्यांनी, एकाच सुईवर विणाव्यात, म्हणजे त्या लहानमोठ्या होत नाहीत.

लेकीच्या पदवीदानासाठी मी असेच निळे कार्डिगन विणले होते. वरून झगा चढवायचा असल्याने लोकर मुद्दाम बारीक घेतली होती. तरीही समारंभ संपताच तिने झगा काढला आणि आजीला आधी बटणपट्टी दाखवली, पदवी नंतर.