डाव्या निलयातील दाब आणि रक्तप्रवाह : संगणकावर प्रतिमान कसे बांधावे

गोव्यातील चोडण किंवा दिवाडीच्या खाजनात (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतात) ओहोटीच्या वेळी मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, थोडा वेळ उभे राहिले, तर हृदयाच्या झडपेचे काम डोळ्यांसमोर उभे राहते. आतल्या पाण्याची पातळी नदीपेक्षा वर असली की लाकडी दार उघडते, आणि भरती चढू लागली की त्याच पाण्याच्या दाबाने ते मिटते. डाव्या निलयाचे, म्हणजे शरीराला रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचे, प्रतिमान (गणिती नक्कल) बांधताना हीच गोष्ट आधी मनाशी पक्की करावी. झडप अमुक क्षणी उघडेल असे प्रोग्रॅममध्ये कधीही लिहू नये; तो क्षण दाबांच्या फरकातूनच निघाला पाहिजे.

निलयाच्या दाबासाठी सुगा आणि सागावा या हृदयाच्या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात मांडलेली कल्पना घ्यावी. प्रत्येक ठोक्यात निलयाचा ताठरपणा वाढतो आणि उतरतो. रक्ताच्या आकारमानातून १० मिलिलिटर वजा करून जे उरते, त्याला त्या क्षणीच्या ताठरपणाने गुणले की दाब मिळतो. ताठरपणा किमान ०.०६ आणि कमाल २ मिलिमीटर पारा प्रति मिलिलिटर धरावा. मिनिटाला ७५ ठोके म्हणजे एक ठोका ०.८ सेकंदांचा, त्यात ०.३२ सेकंद चढ, ०.१६ सेकंद उतार आणि उरलेला वेळ विश्रांती, असा कोसाइनचा गुळगुळीत वक्र आरंभाला पुरेसा आहे.

अलिंदाचा, म्हणजे निलयात रक्त सोडणाऱ्या वरच्या कप्प्याचा, दाब तूर्त ७ मिलिमीटर पाऱ्यावर स्थिर ठेवावा. अलिंदाकडील झडपेचा रोध ०.००५ आणि महाधमनीच्या झडपेचा ०.००१ (मिलिमीटर पारा × सेकंद प्रति मिलिलिटर) मानावा; रक्त जिकडून येते त्या बाजूचा दाब जास्त असेल तर फरक भागिले रोध इतका प्रवाह, नाहीतर शून्य. धमन्यांसाठी जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑटो फ्रांक यांनी १८९९ मध्ये मांडलेले विंडकेसल प्रतिमान वापरावे. त्याचे नाव जुन्या अग्निशामक पंपांतल्या हवेच्या कोठीवरून आले आहे : ती कोठी धक्क्याधक्क्याने येणारे पाणी साठवून सलग धार सोडते, आणि महाधमनीची लवचीक भिंत रक्ताच्या बाबतीत तेच करते. येथे धारणक्षमता (दाब एक मिलिमीटर पारा वाढला तर किती मिलिलिटर रक्त जास्त मावते ते) १.३३ आणि धमन्यांचा रोध १ घ्यावा.

आता ज्या ठिकाणी मी स्वतः दोन दिवस घालवले, ते सांगतो. मी कालपायरी, म्हणजे गणितातल्या लागोपाठच्या दोन क्षणांमधले अंतर, ०.००१ सेकंद ठेवली होती, आणि झडप उघडताच प्रवाहाचा आलेख करवतीच्या दातांसारखा होई. मी समीकरणे पुन्हापुन्हा तपासत राहिलो. दोष समीकरणांत नव्हताच. झडपेचा रोध ०.००१ आणि ताठरपणा २ असताना निलयाचा प्रतिसादकाळ (बदलाला सावरायला लागणारा वेळ, रोध भागिले ताठरपणा) ०.०००५ सेकंदाहून मोठा नसतो, त्यामुळे साध्या ऑयलर पद्धतीत, जिथे आत्ताच्या प्रवाहावरूनच पुढच्या क्षणाचे आकारमान काढतात, पायरी ०.०००१ सेकंद ठेवावी लागते. ऑक्टेव्ह किंवा पायथॉन या संगणकभाषांत साध्या लॅपटॉपवरही एवढे गणित सहज होते.

पहिले वीस ठोके सोडून द्यावेत आणि नंतरचा एक ठोका तपासावा. भरलेल्या निलयाचे आकारमान हातानेही काढता येते : १० अधिक ७ भागिले ०.०६, म्हणजे सुमारे १२७ मिलिलिटर. दर ठोक्याला ६५ मिलिलिटरच्या आसपास रक्त बाहेर पडावे, आणि महाधमनीतील दाब वर ११० च्या, खाली ७० मिलिमीटर पाऱ्याच्या जवळपास यावा. मग दाब आणि आकारमान एकमेकांसमोर मांडून वेटोळे काढावे. त्याच्या डाव्या-उजव्या बाजू सरळ उभ्या हव्यात, कारण त्या वेळी दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. बाजू तिरक्या दिसल्या तर झडपेची अट कुठेतरी गळते आहे असे समजावे.

यानंतर कमाल ताठरपणा १ करून दुबळे हृदय पाहण्याचा मोह होतो, आणि तो प्रयोग अवश्य करावा. बाहेर पडणारे रक्त घटेल, पण भरलेले आकारमान १२७ वरच राहील, जरी प्रत्यक्षात असे निलय फुगत जाते. अलिंदाचा दाब आपणच ७ वर बांधून ठेवल्याचा हा परिणाम आहे. ते फुगणे दिसायला हवे असेल, तर अलिंदालाही ४.४ ची धारणक्षमता द्यावी आणि धमन्यांतून निघालेले रक्त तेथेच परत आणून सोडावे.