बोर्डासमोर ‘तशी ती सगळं करते’ म्हणू नका: दिव्यांग मुलांच्या अनुदानात टाळायच्या चुका

माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे हातपाय नीट ताब्यात राहत नाहीत. तिच्या निमित्ताने अकरा वर्षं सिव्हिल, तहसील आणि बँक अशा खेपा घालतेय. आता गल्लीतल्यांचे कागदही माझ्याकडे येतात, आणि चुका बघाव्यात तर त्याच त्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक आईबापच करतात, तीही मायेपोटी. दिव्यांगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर बसलं की लेकराची बाजू सावरायला लागतात. मीही तेच केलं. डॉक्टरांनी विचारलं, “चालते का?” मी म्हटलं, “हो, चालते की!” खोटं नव्हतं. चालायची, पण पायात स्प्लिंट घालून, भिंत धरून, घरातल्या घरात. “हाताने जेवते?” “जेवते.” अर्धा भात फ्रॉकवर सांडतो हे सांगायची लाज वाटली. पाहुण्यांपुढे कौतुक करावं तशी बोलत होते मी. दाखल्यावर दिव्यांगत्व 35 टक्के आलं. 40 च्या खाली म्हणजे बहुतेक योजनांचं दार बंद. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दाखल्याविरुद्ध अपील करता येतं. ते केलं, टक्के दुरुस्तही झाले, पण एक वर्ष त्यात गेलं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगते: बोर्डाच्या आधी पंधरा दिवस वही ठेवा. बटण कोण लावतं, संडासला कोण नेतं, ग्लास किती वेळा सांडतो, रात्री कितीदा कूस बदलून द्यावी लागते. थेरपीची फाइल सोबत न्या. विचारलं की वही बघून बोला. आहे तसं सांगायचं, वाढवून नाही. “टक्के वाढवून देतो” म्हणणारे सिव्हिलच्या गेटपाशी भेटतातच. त्यांच्या नादी लागू नका, फेरतपासणीला तो दाखला तुमच्याच गळ्याशी येतो.

दुसरं, संजय गांधी निराधार योजनेचं. दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिना 2500 रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत हवं. लोक फॉर्म भरतात, पैसे सुरू होतात आणि मग सगळं विसरतात. लहान मुलांचा दाखला बरेचदा तात्पुरता असतो, मुदतीची तारीख त्यावरच छापलेली असते. ती कोणी वाचत नाही. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तोही राहतो. मग “पैसे बंद का झाले?” म्हणून माझ्याकडे येतात. अर्ज केल्याच्या आठव्या दिवशी “अजून जमा नाही झाले” म्हणून फोन करणारे हेच. तेवढी घाई तारखांच्या बाबतीत दाखवली तर! माझ्या कालनिर्णयवर मुदत संपण्याच्या तीन महिने आधीच्या तारखेला लाल गोल असतो. मोबाइलच्या रिमाइंडरवर माझा विश्वास नाही.

नावातला फरक: आधारवर बापाचं नाव ‘दत्तात्रय’, रेशनकार्डावर ‘दत्तू’. आधी हे एक करा, मगच अर्जाला हात लावा.

आधार: वयाच्या 5 व्या आणि 15 व्या वर्षी बायोमेट्रिक अद्ययावत करावं लागतं. मुठी उघडत नसतील तर केंद्रावर बायोमेट्रिक अपवादाची सोय मागा. “ठसे येत नाहीत” एवढं ऐकून परत फिरू नका.

निरामय: एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता, बहुविकलांगता या चौघांसाठीच. 31 मार्चच्या आत नूतनीकरण करा.

आता अठराव्या वर्षाचं, कारण याचा विचार कोणीच करत नाही. शेजारच्या मुलाचं खातं आईच्या पालकत्वावर होतं. तो अठराचा झाला आणि पुढच्याच महिन्यात व्यवहार थांबले. बँक म्हणाली, मुलाची सही आणा. तो पेनसुद्धा धरत नाही. आई काउंटरवर म्हणत राहिली, “अहो, मीच त्याची आई आहे.” साहेबही काही करू शकत नव्हते, कारण अठरानंतर आई आपोआप कायदेशीर पालक राहत नाही. निरामयच्याच चार प्रकारांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्या बाईंनी तो केला, पण मधले काही महिने थेरपीचे पैसे भावाकडून उसने घेतले. सतरावं सरायच्या आत जिल्हा कार्यालयात जाऊन कागदांची यादी आणून ठेवा.

आणि मूळ दाखला लॅमिनेट करू नका. पुढे त्यावर शिक्का मारायची वेळ आली तर ते प्लास्टिक सोलताना कागदच फाटतो. माझा फाटलाय.