उघडीप मिळाली की निघायचं

पुण्यात नोव्हेंबर उजाडला की मोटारसायकल बाहेर काढायचे दिवस. इथे स्टॉकपोर्टला, मँचेस्टरच्या दक्षिणेला, नोव्हेंबरात गाडीवर कव्हर पडतं ते थेट मार्चमध्ये निघतं. आपल्याकडे पाऊस संपला की मग थंडी येते. इथे दोघं एकदमच मुक्कामाला येतात. पहिले दोन हिवाळे मीही कव्हर घालून बसलो. तिसऱ्या वर्षी ध्यानात आलं की उघडीप अधूनमधून मिळतेच, फक्त ती दीड-दोन तासांची असते आणि माझे हातमोजे सापडेपर्यंत संपते. तेव्हापासून सगळी तयारी आदल्या रात्रीच करून ठेवतो.

सगळ्यात आधी बॅटरी. गारठ्यात तिचा जोर कमी होतोच, वर अलार्म रात्रंदिवस तिला थोडं थोडं पीत असतो. एका डिसेंबरात पाच आठवडे गाडीला हात लावला नाही. मग एक लखलखीत रविवार उगवला, मी बूट, जॅकेट, हेल्मेट घालून तयार, बटण दाबलं आणि नुसतं टक् टक् टक्. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाऊस पडला नाही हे अजून सलतं. आता बॅटरीला जोडलेली चार्जरची वायर सीटखालून कायमची बाहेर काढून ठेवलीय. परत आल्यावर प्लग खोचायचा, निघताना उपटायचा.

टायरमधली हवाही थंडीत उतरते. तापमान पाच-सहा अंशांनी पडलं की हवेचा दाब साधारण एक पीएसआयने (दाब मोजायचं एकक) कमी भरतो, म्हणजे सप्टेंबरात भरलेली हवा जानेवारीत चालत नाही. टायरच्या नक्षीची खोली इथल्या कायद्याने 1 मिलिमीटर पुरते. मी 2 वर आली की टायर बदलतो, कारण ओल्या रस्त्यावर त्या एका मिलिमीटरनेच पाणी बाहेर फेकलं जायचं असतं. टाकी फुल करून ठेवायची. पंपावर थांबून हातमोजे काढले की बोटं पुन्हा गरम होईपर्यंत अर्धी फेरी जाते.

आता आभाळ. हवामान खात्याच्या अॅपमधलं ढगाचं चित्र मी बघत नाही, ते रोज तेच असतं. बघायचा तो पावसाचा रडार, आणि त्याबरोबर वाऱ्याची दिशा. वारा नैर्ऋत्येचा असेल तर वेल्सचे डोंगर बरंचसं पाणी आपल्या अंगावर घेतात आणि शेजारच्या चेशर परगण्याचं सपाट मैदान थोडं कोरडं राहतं. वायव्येचा असेल तर आयरिश समुद्रावरच्या सरी डोंगरांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यातून सरळ आत घुसतात; रडारवर त्या मुंग्यांसारख्या ओळीने येताना दिसतात. अशा दिवशी दोन सरींमधली फट शोधण्यापेक्षा कांदाभजी तळावीत.

तापमानाला माझी मर्यादा 4 अंशांची, आणि तीही रस्ता सुकला असेल तरच. सकाळी साडेआठच्या आसपास उजाडतं, दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे डिसेंबरात निघायची वेळ अकरा ते एक. त्यातही एक गंमत आहे. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 13 अंश वर असतो. दक्षिणेकडे निघालात की तो तोंडावर येतो, ओला रस्ता आरशासारखा चमकतो आणि समोरच्या गाडीचा ब्रेकलाइटही दिसत नाही. हेल्मेटची काच आदल्या रात्री आतून-बाहेरून पुसून ठेवायची ती यासाठी. आत धुकं न धरणारी दुसरी काच बसवून घ्या. तेवढ्या खर्चात कंजूसपणा नको.

कपड्यांचं गणित असं. बाहेर 5 अंश असताना ताशी 50 मैलांनी गेलं की अंगाला उणे 3 सारखं लागतं. म्हणून अंगाला चिकटून थर्मल, त्यावर लोकरीचा पातळ स्वेटर, वर जॅकेट, आणि पाऊस नसला तरी सगळ्यावर रेनकोट, कारण तो वाराही अडवतो. आईने पाठवलेली कानटोपी हेल्मेटमध्ये मावत नाही, मफलर फडफडतो. गळ्याला बफ, म्हणजे नळीसारखा ताणला जाणारा गळपट्टाच बरा. हॅंडलची ग्रिप गरम करणारी सोय मी आधी चैन समजत होतो. गारठलेल्या बोटांना क्लच लिव्हरचा अंदाज येईना, तेव्हा मत बदललं.

फेरी छोटी म्हणजे किती, हा खरा मुद्दा. कोपऱ्यावरून दूध आणण्याइतकी छोटी नको. गाडी थंडीत सुरू झाली की इंजिनात पाण्याची वाफ धरते, आणि ऑइल नीट तापलं नाही तर ते पाणी उडून न जाता ऑइलमध्येच राहतं. महिनाभर अशा पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या मारून ऑइलचं झाकण उघडून बघा, आतल्या बाजूला ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट थर दिसेल. जागेवर उभी ठेवून पाच मिनिटं इंजिन चालवणारेही गाडीचं भलं करत नाहीत. निदान अर्धा तास सलग, मग थांबायचं तर थांबा.

माझा अर्धा तास ठरलेला आहे: ऑल्डरली एज, चेल्फर्ड, तिथून जॉड्रेल बँक. 1957 सालची 76 मीटर व्यासाची ती रेडिओ दुर्बीण कुंपणांच्या वर अचानक उगवते आणि मला दर वेळी नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आठवतात. फोन बंद ठेवायला दोन्हीकडे सांगतात. तिथे कॅफे आहे, चहा बेताचा. उन्हाळ्यात सगळे पूर्वेला मॅकल्सफील्डवरून बक्स्टनच्या घाटात जातात, पण तो रस्ता 500 मीटरच्या वर चढतो. गावात 4 अंश असले तर माथ्यावर 1 धरून चाला. हिवाळ्यात मैदानच बरं. तिथेही उंच कुंपणाच्या सावलीतला रस्ता गोठलेल्या दवाने दुपारपर्यंत पांढरा राहतो, त्या वळणांना ब्रेक आधीच मारून घ्यायचा.

निमित्तंही आधीच जमवून ठेवावीत. गाडीची वार्षिक तपासणी जानेवारीत येते ती मी मुद्दाम तशीच ठेवलीय. शिवाय, "जातोच आहेस तर कोथिंबीर आण," हे ऐकू आलं की परवानगी मिळाली असं समजायचं.

परत आल्यावर लगेच घरात शिरायचं नाही. बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ, बहुधा याच चेशरच्या पोटातलं, विन्सफर्डच्या खाणीतलं, सायलेन्सरच्या नळीवर पांढरी खपली धरतं. ते गार पाण्याने धुवायचं. गरम पाण्यात मीठ अजून जोमाने खातं. ब्रेकच्या कॅलिपरवर दोन झारी जास्त. चेन पुसून कोमट आहे तोवर ल्यूब मारायचं, नाहीतर दोन दिवसांत नारिंगी होते. हातमोजे हीटरवर ठेवले तर कातडं पापडासारखं कडक होतं, म्हणून जिन्याच्या कठड्यावर. मग प्लग खोचायचा आणि चार्जरचा हिरवा दिवा लागलेला बघूनच बूट काढायचे.