बाग-ट्रॅक्टरचा मागचा ट्रान्सअ‍ॅक्सल: हंगाम नसतानाच उतरवा

कापणी-मशागत उरकली की छोटा ट्रॅक्टर शेडमध्ये जातो आणि 'चढावर जरा दम टाकत होता, बघू पुढे' ही तक्रारही त्याच्यासोबत तिथेच पडून राहते. पुढे म्हणजे ऐन घाईत. ट्रान्सअ‍ॅक्सल म्हणजे गिअरबॉक्स, डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आणि दोन्ही मागचे अ‍ॅक्सल एकाच हाऊसिंगमध्ये. तो उतरवणं तसं अवघड नाही, पण जुन्या यंत्रात चाकाचा हब (चाकाचा मधला भाग) गंजून अ‍ॅक्सलला असा धरलेला असतो की तो सुटायलाच दोन दिवस जाऊ शकतात. असं काम रिकाम्या दिवसांतच काढावं.

त्याआधी दोष खरंच आत आहे का, ते पाहा. निम्म्या तक्रारी बाहेरच मिटतात असं माझं मत आहे. गुळगुळीत झालेला पट्टा, सैल पडलेली ताण-स्प्रिंग, पूर्ण न सुटणारा ब्रेक, किंवा यंत्र ढकलण्यासाठी उघडलेला आणि तसाच अर्धवट राहिलेला बायपास (चाकं मोकळी सोडणारी झडप), यांतल्या कशानेही चाकं मंदावतात. अ‍ॅक्सलच्या टोकापासून हबपर्यंत खडूची सरळ रेघ ओढा आणि थोडं चालवून बघा. रेघ तुटली, म्हणजे अ‍ॅक्सल फिरतोय पण हब मागे राहतोय, तर आतली चौकोनी चावी कापली गेली आहे. चिमूटभर लोखंडाच्या तुकड्यासाठी अख्खा ट्रान्सअ‍ॅक्सल बदलायचं कारण नाही.

हायड्रोस्टॅटिक प्रकारात, म्हणजे गिअरऐवजी पंप आणि मोटर तेलाच्या दाबाने चाकं फिरवतात त्यात, झिजेची खूण वेगळी असते. सकाळी थंड असताना यंत्र व्यवस्थित ओढतं, अर्ध्या तासाने चढावर रेंगाळतं, थंड झालं की पुन्हा शहाणं. तापलेलं तेल पातळ होतं आणि पंप-मोटरच्या झिजलेल्या फटींतून दाब निसटतो. पट्टा घसरला तरी लक्षणं अशीच दिसू शकतात, म्हणून ओढ कमी होते त्या वेळी दुसऱ्याने बाजूला उभं राहून वरची पुली बघावी, हात न घालता. पुली पूर्ण वेगाने फिरतेय, बायपास बंद आहे, चावी शाबूत आहे आणि तरी चाक ढिम्म, तर दोष आतच. काही मॉडेलमध्ये, उदाहरणार्थ टफ टॉर्क कंपनीच्या के-46 मध्ये, तेल काढायला खाली बूच नसतं. तेल बदलायचं तरी हाऊसिंग उतरवावंच लागतं. तेवढ्यासाठी उतरवलंच आहे, तर आधी ताजं तेल भरून बघायला हरकत नाही. पण झीज फार असेल तर त्याने थोडे दिवस निघतील, इतकंच. गिअरच्या प्रकारात गिअर आपोआप सुटणं, घरघर आणि अ‍ॅक्सलचं टोक हाताने वर-खाली हलणं या खुणा बघाव्यात.

बदली ट्रान्सअ‍ॅक्सल घेताना 'त्याच कंपनीचा आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. हाऊसिंगवरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर जुळवा. अ‍ॅक्सलची जाडी आणि लांबी, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, पुलीचा व्यास, ब्रेकचा आणि वेगाचा दांडा कोणत्या बाजूला आहे, हे सगळं जुन्याशी ताडून बघा. पुली लहान-मोठी निघाली तर ट्रॅक्टरचा वेगच बदलतो. वापरलेला माल असेल तर तेल बोटांवर घेऊन चोळा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. चमचमणारी कणी लागली तर आतलं खाल्लं गेलंय. असा माल स्वस्तात मिळाला तरी महागच पडतो.

उतरवताना आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, फ्रेम उचलून घोड्यांवर (जॅक-स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये. पट्टा कुठून कसा फिरलाय त्याचे फोटो काढा. चाकाचं सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढून हब निघत नसेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्या, मग पुलर (हब ओढून काढायचं अवजार) लावा. अ‍ॅक्सलच्या टोकावर हातोडा घालायचा मोह आवरा. तो मार सरळ आतल्या बेअरिंगवर आणि सर्क्लिपवर बसतो. ब्रेक, बायपास आणि वेगाचे दांडे, स्विचच्या तारा सोडा, खाली जॅकचा आधार द्या आणि मगच मुख्य बोल्ट काढा. शेवटचा बोल्ट निघताना हाऊसिंग एका बाजूला कलतं, तेव्हा दुसरा माणूस हवाच.

बसवताना अ‍ॅक्सल घासून स्वच्छ करा, नवी चावी घाला, हबच्या आत अँटी-सीझ ग्रीस लावा. पुढच्या वेळी हब काढताना याची किंमत कळेल. तेल मॉडेलच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. जुन्या गिअरच्या काही ट्रान्सअ‍ॅक्सलमध्ये तर तेल नसतंच, ग्रीस भरलेलं असतं.

हायड्रोस्टॅटिकमधली हवा काढल्याशिवाय ट्रॅक्टर जमिनीवर आणू नका. नवा बसवूनही 'ओढत नाही' ही तक्रार बरेचदा इथूनच येते. मागची चाकं अधांतरी ठेवून बायपास उघडा, इंजिन मंद चालवा आणि वेगाचा दांडा हळू पुढे-मागे पाच-सहा वेळा न्या. मग इंजिन थांबवून बायपास बंद करा आणि तेच पुन्हा करा. आवाज मऊ झाला, चाकं दोन्हीकडे सारखी फिरू लागली की हवा निघाली. थंड झाल्यावर तेलाची पातळी बघा. हवा गेली की ती खाली येते.

पहिले काही तास हलकंच काम द्या, नंतर फ्रेमचे आणि चाकांचे बोल्ट पुन्हा आवळा. थंडाव्याचा पंखा आणि हाऊसिंगच्या पात्यांमध्ये अडकलेलं गवत दर वेळी झाडत जा. के-46 सारखा हलका ट्रान्सअ‍ॅक्सल गवत कापण्यासाठी आहे; त्याच्यामागे नांगर लावायचा विचार असेल तर जड कामाचा, जाड अ‍ॅक्सलचा ट्रान्सअ‍ॅक्सल असलेलं यंत्रच बघावं लागेल.